पंचगंगेच्या पाच नद्या नेमक्या कोणत्या? उगमापासून वाडीच्या संगमापर्यंत

घाटमाथा

बरेच दिवस मनात होतं, आज लिहायला बसलोय.

लहानपणी कोल्हापुरात घाटावर आजीबरोबर जायचो. ती पायरीवर बसून हातात पाणी घ्यायची आणि नावं म्हणायची: कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, सरस्वती. या पाच मिळून पंचगंगा. सरस्वती गुप्त, ती दिसत नाही. मला त्यात कधी काही प्रश्न पडला नाही.

प्रश्न पडला २०२१ च्या जुलैत. पुरात आम्ही घरातली माणसं माळ्यावर बसून मोबाइलवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचा आकडा बघत होतो. ३९ फूट इशारा पातळी, ४३ धोका पातळी, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. आकडा ५६ च्या वर गेला. २०१९ ला ५५ च्या वर गेला होता तेव्हा "असं पुन्हा होणार नाही" म्हणालो होतो. तेव्हा जाणवलं की आम्ही फक्त दारात आलेलं पाणी मोजतोय. ते येतं कुठून, कोणत्या खोऱ्यातून आधी येतं, कोणतं मागून येतं, हे घरात एकालाही सांगता येत नव्हतं.

म्हणून गेली दोन-तीन वर्षं सुट्टी मिळेल तशी एकेक नदी धरून वर जातोय. जे पाहिलं ते मांडतो. चुकत असेल तिथं सांगा.

नकाशा पुढ्यात घ्या. उजवा हात त्यावर पालथा ठेवा, बोटं पश्चिमेला सह्याद्रीकडे आणि मनगट कोल्हापूरच्या वायव्येला चिखलीवर. करंगळी म्हणजे कासारी. अनामिका कुंभी. मधलं बोट धामणी. तर्जनी तुळशी. आणि अंगठा भोगावती, कारण ती बाकीच्यांसारखी पश्चिमेहून सरळ न येता दक्षिणेकडून, दाजीपूर-राधानगरीच्या जंगलातून वर येते.

मोजलीत? पाच झाली. सरस्वती न धरता.

धामणीचं नाव आजीच्या यादीत नव्हतं. ती कुंभीला मिळते आणि पुढं कुंभीच्या नावानंच जाते, म्हणून असेल. पण मी पावसात दोन्हींच्या काठी उभा राहिलोय, आणि धामणीला ओढा म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

आता एकेक घेतो.

कासारी. विशाळगडाच्या वाटेवर गजापूरची खिंड, म्हणजेच पावनखिंड, तिथल्या डोंगरात हिचा उगम. १६६० च्या जुलैत बाजीप्रभू जिथं लढले तिथंच. पावसाळ्यात खिंडीत उतरलात तर गुडघाभर पाणी कातळावरून खळाळत जाताना दिसेल. फोटो काढणारे पुष्कळ असतात, पण हेच पाणी पुढं चिखलीला आणि कोल्हापूरला जातं हे तिथं मला कुणी बोलताना ऐकू आलं नाही. खाली गेळवड्याचं धरण, मग बाजारभोगाव, करंजफेण, पुनाळ, यवलूज. उत्तरेला पन्हाळा आणि मसाई पठाराची रांग सोबत असते. त्या रांगेच्या पलीकडचं पाणी वारणेला जातं, अलीकडचं कासारीला. पन्हाळ्याच्या तटावर उभं राहिलं की दोन खोरी दोन हातांना दिसतात.

कुंभी. गगनबावड्याच्या बाजूची. जिल्ह्यात सर्वांत जास्त पाऊस तिथं पडतो, आणि तो सगळा हिच्या डोक्यावर. घाटमाथ्यावर पाणी कुठं वळतं ते दोन-चार पावलांवर ठरतं. पश्चिमेला घसरलं की करूळ, भुईबावड्याच्या दरीतून दिवसाभरात अरबी समुद्राच्या वाटेला. पूर्वेला वळलं की कुंभी, पंचगंगा, कृष्णा करत पार आंध्रात, बंगालच्या उपसागरापर्यंत. लखमापूरला धरण आहे. मांडुकली, वेतवडे, शेणवडे, कळे ही हिच्या काठची गावं. मांडुकलीला रस्त्यावर पाणी आलं की गगनबावडा तुटतो, हे त्या वाटेनं जाणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे.

तुळशी. धामोडला धरण. पुढं बीडच्या परिसरात भोगावतीला मिळते. लांबीनं लहान आणि स्वभावानं शांत. हिच्याबद्दल माझ्याकडे फार नाही, त्या भागातल्यांनी भर घालावी.

भोगावती. सगळ्यांत मोठी. राधानगरी, तारळे, राशिवडे, परिते, हळदी, बीड, कोगे, बालिंगा. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात राधानगरीच्या धरणाचा निर्णय घेतला, एका संस्थानाच्या तिजोरीवर. काम मध्येच थांबलं, महाराज १९२२ ला गेले, धरण पुरं झालं ते थेट स्वातंत्र्यानंतर. त्यांना भरलेलं धरण बघायला मिळालं नाही ही गोष्ट मला त्या बांधावर उभं राहिल्यावर दर वेळी लागते. तिथले सात स्वयंचलित दरवाजे पाणी ठरलेल्या पातळीला गेलं की दाबानं आपोआप उघडतात, वीज लागत नाही, माणूस लागत नाही. एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. "राधानगरीचे दरवाजे उघडले" ही बातमी आली की आमच्या गल्लीत सामान वर चढवायला सुरुवात होते.

भोगावतीत तुळशी आली, धामणीला घेऊन कुंभी आली, आणि प्रयाग चिखलीला उत्तरेकडून कासारी आली. तिथून नाव पंचगंगा. पुढं कोल्हापूर, शिरोली, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ आणि नृसिंहवाडीला कृष्णा. संगमापासून संगमापर्यंत मोजली तर नदी छोटीच. पण मी तिला प्रयागपासून मोजायचं सोडून दिलंय.

माझा प्रश्न एवढाच: आपण हिला पाच नद्यांची म्हणतो, तर त्या पाच कोणत्या धरायच्या?

---

बीडकर

दादा, तुळशीबद्दल कमी लिहिलंत म्हणून लगेच लिहितोय.

आमचं कसबा बीड. शिलाहार भोज राजाची राजधानी होती असं सांगतात, गावात वीरगळ अजून जागोजाग उभे आहेत. आणि आमच्याकडं पावसाळ्यात माती धुपली की शेतात, परड्यात, कधी घराच्या कौलावरसुद्धा सोन्याची बारीक नाणी सापडतात. लोक "सोन्याचा पाऊस" म्हणतात. खरी गोष्ट आहे, माझ्या चुलत आजोबांना सापडलं होतं. राजधानी इथं का, याचं उत्तर तुमच्या हाताच्या नकाशात आहे. तुळशी आणि भोगावती जिथं जवळ येतात तिथं आमचं गाव. पाणी दोन्ही अंगाला, माती काळी, आणि वरच्या घाटातून उतरणारी वाट इथंच सपाटीला लागते.

तुळशी शांत म्हणालात ते उन्हाळ्यात बरोबर. पण भोगावती भरली असली की तुळशीचं पाणी पुढं सरकत नाही. ते मागं तुंबतं आणि आरे, बाचणीकडं शेतात पसरतं. तुळशीचा पूर बहुतेक वेळा भोगावतीचाच असतो.

---

मधलं बोट

हे नाव आत्ताच घेतलं, धागा वाचून. मी धामणी खोऱ्यातली.

आमची नदी यादीत का नाही, हे मीही लहानपणी विचारलं होतं. उत्तर मिळालं, "ती कुंभीत जाते ना." तशी तुळशीही भोगावतीत जाते, तरी तिचं नाव आहे.

घाटमाथा दादा, एक गोष्ट राहिली. बाकी चारही नद्यांवर धरणं पूर्वीच झाली. आमच्या राईच्या प्रकल्पाचं काम मात्र वर्षानुवर्षं रखडलं. पाऊस मुसळधार, पण दिवाळीनंतर नदी आटायला लागायची. मग गावंच्या गावं वर्गणी काढायची आणि नदीत मातीचे बंधारे घालायची. गवशी, आंबर्डे, पनोरे, सुळे, सगळीकडं. माझे वडील ट्रॅक्टरच्या डिझेलचे पैसे द्यायचे आणि वर अंगमेहनत. पावसाळ्याच्या पहिल्या पुरात तो बंधारा वाहून जायचा. पुढच्या वर्षी परत वर्गणी. माझ्या शाळेची फी एका वर्षी उशिरा गेली ती त्या बंधाऱ्यामुळं, आणि घरात कुणाला त्याचं वाईट वाटलं नाही, कारण ऊस वाळला असता तर पुढचं वर्षच गेलं असतं.

ज्या नदीसाठी माणसं दर साली असं राबतात तिला पाचांत धरा एवढंच माझं म्हणणं.

---

गाभारा

धागा सुंदर आहे. मात्र सरस्वतीला काढून धामणी घालायची, हे मला पटत नाही.

तुमच्या आजीनं हातात पाणी घेऊन जी नावं म्हटली ती मोजणी नव्हती. प्रयागला जसा त्रिवेणी संगम आणि त्यात सरस्वती गुप्त, तसंच आपल्या चिखलीच्या संगमालाही प्रयाग म्हटलं. माघात लोक तिथं स्नानाला येतात ते भूगोल बघून येत नाहीत. दिसत नाही तेही पाण्यात आहे असं मानणं ही त्या नावातली भावना आहे. धामणीचा मान ठेवायचा तर सहावी म्हणा, पण कुणाला काढू नका.

---

निवृत्त पाटकरी

मी पाटबंधाऱ्याच्या कामात आयुष्य काढलं, या खोऱ्यातच. गाभारा यांचं म्हणणं मला मान्य आहे आणि घाटमाथा यांचंही. नाव भक्तीनं पडलं, पाणी मात्र उतार बघून येतं. दोन्ही लक्षात ठेवायला काही अडचण नाही.

मी वेगळंच सांगतो, कारण सुरुवातीला पुराचा विषय निघाला.

पावसाळ्यात रोज संध्याकाळी बातमी येते: इतके बंधारे पाण्याखाली. लोक आकडा वाचतात आणि पुढं जातात. त्या बातमीत नावं असतात, ती वाचा. आपल्याकडचे हे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. दगडी खांब आणि मधल्या खाचांत बसवायचे बरगे, म्हणजे आडव्या फळ्या. पावसाळा तोंडावर आला की बरगे काढायचे, म्हणजे पुराला वाट मोकळी. ऑक्टोबरात पाऊस ओसरला की परत घालायचे आणि पाणी अडवायचं. नदीभर असे बंधारे एकाखाली एक आहेत. म्हणजे ही एक मोजपट्टीच आहे, फक्त आडवी.

मांडुकली, वेतवडे, शेणवडे ही नावं आली पण हळदी, राशिवडे नाहीत, तर पाऊस गगनबावड्यावर आहे, कुंभी आलीय. तारळे, शिरगाव, हळदी, सरकारी कोगे अशी वरून खाली नावं वाढत गेली की भोगावती भरून येतेय. यवलूज, पुनाळ-तिरपण, ठाणे-आळवे दिसले की कासारी. तिन्ही गट एकाच दिवशी बुडाले तर मग राजारामचा आकडा बघत बसू नये, जनावरं हलवावीत.

आणि धरणांवर सगळं ढकलू नये. राधानगरी ८.३६ टीएमसी (अब्ज घनफूट), तुळशी ३.४७, कासारी २.७७, कुंभी २.७१. बेरीज सतराच्या थोडी वर. कोयना एकटं १०५ चं. म्हणजे आपल्या चारही धरणांचं पाणी कोयनेच्या सहाव्या हिश्शाएवढं. ती भरल्यावर, आणि त्यांच्या खाली पडणारा पाऊस तर पहिल्या दिवसापासून, थेट नदीत येतो. तो अडवायला काहीही नाही.

---

चिखलीवाला

काका, तुमचं हे आमच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना न वाचता म्हाईत असतंय.

आमचं प्रयाग चिखली. आंबेवाडी शेजारी. आमच्याकडं पाणी दोन बाजूंनी येतं बगा. भोगावती तुडुंब असली की कासारीला जागाच मिळत न्हाई, ती मागं फुगते. नदी पात्राबाहेर पडली की पयलं पाणी आमच्या गवताच्या कुरणात. मग रेडेडोह फुटतो. आंबेवाडीच्या पुढं सखल भाग हाय, तिथनं पाणी नदीचा नाद सोडून रस्त्यावरनं धावायला लागतं. "रेडेडोह फुटला" म्हटलं की रत्नागिरी, पन्हाळ्याची वाट बंद, आणि आमी निघायचं.

सोनतळीला आमाला जागा दिल्यात. पण शेत नदीला, गोठा नदीला, देव नदीला. म्हणून माणूस परत खाली येतो. २०१९ ला माझी म्हातारी म्हस सोडून यायला तयार न्हवती. बोटीत बसवली तवा ती म्हशीकडं बगत व्हती, पाण्याकडं न्हाई. म्हस पोहून टेकाडाला लागली व्हती, सात दिवसांनी घावली.

संगमावर या एकदा, माघात. पाणी निवळ असतंय. कुठली कासारी आन् कुठली भोगावती, दोन रंग सरळ दिसत्यात.

---

परदेशी कोल्हापूरकर

मस्कतमधून वाचतोय. इथं वर्षात पाऊस पडतो तो बोटावर मोजण्याइतके दिवस. २०१९ ला मी रात्रभर भावाला फोन करत होतो. तो सांगत होता, जामदार क्लबपर्यंत आलं, आता गंगावेशकडं येतंय. महामार्ग शिरोलीला पाण्याखाली, पुण्याहून कुणी येऊ शकत नव्हतं. मला वडिलांचं एक वाक्य आठवत होतं, "मच्छिंद्री झाली." शिवाजी पुलाच्या कमानीला पाणी भिडलं की जुने लोक तसं म्हणायचे. मला फुटांतलं काही कळायचं नाही, पण हा शब्द ऐकला की पोटात गोळा यायचा.

पाटकरी काकांनी बंधाऱ्यांची नावं दिली ती मी कागदावर उतरवून फ्रीजवर लावलीत. पुढच्या जुलैत भावाला मीच आधी फोन करेन.

---

इचलकरंजीचा माग

पुराचं सगळे बोलतात. मी एप्रिलचं सांगतो.

एप्रिलमध्ये वरचे सगळे बरगे घातलेले असतात, पाणी एका बंधाऱ्यातून दुसऱ्यात उतरतं तेवढंच. शिरोलीपासून खाली जे वाहतं त्यात वरच्या पाच नद्यांचं किती आणि नाल्यांचं किती, हे सांगणं अवघड होतं. शहरांचं सांडपाणी, कारखान्यांची मळी, आणि आमच्या गावच्या कापडाच्या प्रोसेसचं रंगीत पाणी. हो, आमचंही. मी त्या धंद्यातल्या घरातला आहे, हात झटकणार नाही. तेरवाडच्या बंधाऱ्याला जलपर्णी इतकी दाट साचते की पाखरं तिच्यावरून चालतात, आणि तिच्याखाली मासे मेलेले असतात. २०१२ ला इचलकरंजीत काविळीची साथ आली. आमच्या गल्लीतून माणसं गेली. आता आम्ही मजरेवाडीहून कृष्णेचं पाणी आणून पितो. काठावरची नदी सोडून.

कोल्हापूरकरांसाठी एक गोष्ट. २०२३ पासून तुमच्याकडं थेट पाइपलाइनचं पाणी येतं ते काळम्मावाडी धरणाचं, म्हणजे दूधगंगेचं. दूधगंगा पंचगंगेला कुठंच मिळत नाही, ती वेगळी जाऊन कृष्णेला मिळते. पण नळातून तुमच्या घरात आणि घरातून नाल्यानं ती आता पंचगंगेतच येते. मोजायचीच तर ही नदीही मोजा.

---

घाटमाथा

इचलकरंजीचा माग, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. जयंती नाल्यावरून रोज जातो. जुनी माणसं त्याला जयंती नदी म्हणतात, आणि आपण नाक दाबून पूल ओलांडतो. त्यात आता दूधगंगाही आहे. दोन दिवस हेच डोक्यात आहे.

गाभारा, तुम्ही म्हणता ते मान्य. आजीची यादी मी बदलणार नाही, ती तिच्या हातातल्या पाण्याची होती. पण माझ्या मुलीला शिकवताना हात पालथा ठेवून शिकवीन, आणि मधल्या बोटाला धामणीच म्हणेन.

---

वाडीची लेक

शेवटचं टोक आमचं, नृसिंहवाडी.

वर सगळे विचारतात पाणी किती आलं. आमच्याकडं विचारतात, कृष्णा किती आहे? कारण कृष्णा भरली असली तर पंचगंगेला आत शिरता येत नाही, मग ती मागं शिरोळ, कुरुंदवाडपर्यंत फुगून बसते. कोल्हापूरचं पाणी लवकर उतरत नाही त्याचं एक कारण इथं आहे. बीडकर यांनी तुळशीचं सांगितलं, चिखलीच्या दादांनी कासारीचं. तेच आमच्याकडं पंचगंगेचं होतं.

पाणी चढत चढत दत्ताच्या मंदिरात येतं, पादुकांवरून जातं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. तो दक्षिणद्वार सोहळा. रात्री दोन वाजता झाला तरी स्नानाला माणसं येतात. माझी आई त्या पाण्यात उभी राहून कृष्णा-पंचगंगा म्हणायची. वर किती नद्या आहेत हे तिला ठाऊक नव्हतं. धागा वाचून मी तिला फोनवर सगळी नावं वाचून दाखवली, उगमापासून. धामणीचं नाव आल्यावर म्हणाली, "परत सांग, ही कुठली?"

मी सांगितलं. तिनं राईचं विचारलं, मातीच्या बंधाऱ्यांचं विचारलं. मग म्हणाली, यंदा दक्षिणद्वाराला तिचंही नाव घेते.

---

मधलं बोट

ताई, आईंना माझा नमस्कार सांगा. आज दुपारपासून इकडं पाऊस धरलाय. सुळ्याच्या बंधाऱ्यावरून आत्ता येतेय, पाणी अजून खांबांच्या अर्ध्यावर आहे. वाढलं की इथंच लिहीन.